द्रवात रेणू अस्ताव्यस्त असतात, मग दोन फोटॉनच्या शोषणात पोलरायझेशनने फरक का पडतो?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. गणपतीला घरी आलेय, देवगड तालुक्यात गाव आहे आमचं, घरात रेंज येत नाही म्हणून सड्यावर येऊन टाईप करतेय, उत्तर द्यायला उशीर झाला तर समजून घ्या.

माझं पीएचडीचं काम दोन फोटॉनच्या शोषणावर आहे. ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादा रंगाचा रेणू साधारण ४०० नॅनोमीटरचा निळा-जांभळा फोटॉन घेतो, वरच्या पातळीत जातो आणि खाली येताना उजेड सोडतो. हे रोजचं शोषण. पण त्याच रेणूवर ८०० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर सोडला तर प्रत्येक फोटॉनची ऊर्जा निम्मीच असते, एकट्याने काहीच होत नाही. मात्र दोन फोटॉन अगदी एकाच क्षणी आले, म्हणजे फेमटोसेकंदाच्या (सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग) आसपासच्या अंतराने, तर रेणू दोघांना मिळून घेतो आणि तितकाच वर जातो.

आता माझी अडचण. माझा रेणू दांडीसारखा लांबट आहे, पातळ द्रावकात विरघळवून क्युव्हेटमध्ये (काचेच्या चौकोनी कुपीत) ठेवलाय. लेझरचे पल्स १०० फेमटोसेकंदाचे. आधी लेझरचं पोलरायझेशन, म्हणजे उजेडातल्या क्षेत्राची हलण्याची तऱ्हा, सरळ (उभं) ठेवून रेणूंनी सोडलेला उजेड मोजला, मग क्वार्टर वेव्ह प्लेट (सरळ पोलरायझेशनला गोल करणारी चकती) ४५ अंशांत फिरवून वर्तुळाकार पोलरायझेशन केलं आणि तेवढ्याच पॉवरला परत मोजला. पुस्तकाप्रमाणे वर्तुळाकार भागिले सरळ हे गुणोत्तर माझ्यासारख्या रेणूला २/३ म्हणजे ०.६७ यायला हवं. मला येतंय ०.८१. पाच वेळा मोजलं, तेच. डावं वर्तुळाकार करून बघितलं, उजवं करून बघितलं, दोन्हीला ०.८१. एका फोटॉनने (४०० नॅनोमीटर) तपासलं तर सरळ आणि वर्तुळाकार अगदी सारखं येतंय, जसं यायला हवं तसं. पॉवर दुप्पट केली की उजेड चौपट होतोय, म्हणजे शोषण दोन फोटॉनचंच आहे हे नक्की.

दुसरी गोष्ट जास्त टोचतेय. काल आरती झाल्यावर चुलतभावाने विचारलं, द्रवात रेणू कसेही पडलेले, कुठल्याही दिशेला तोंड करून, मग उजेड सरळ हलतोय का गोल फिरतोय याने काय फरक पडणार? मला सूत्र मांडता येतं पण त्याला समजेल असं काही सांगता येईना. म्हणजे मलाच ते आतून कळलेलं नाही असं वाटलं.

दर्याचा_पोर

ताई माका ह्यातला काय कळत नाय पण पोलराइज्ड गॉगल माझ्या रोजच्या वापरातलो. मालवणाक होडी आमची. सकाळी उन्हं तिरकी आली की पाण्यावरची चमक डोळ्यात घुसता, गॉगल लावलो की पाण्याच्या आतला दिसता, खडक दिसता. आणि मोबाईल आडवो धरलो की स्क्रीन काळो पडता. ह्या आणि तुमचा पोलरायझेशन एकच काय?

जांभ्याचा_चिरा

एकच. मी रत्नागिरीत शाळेत आणि नंतर ज्युनिअर कॉलेजात मिळून एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, आता रिटायर. दर्याच्या पोरापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचा गॉगल हाच निम्मा धडा आहे.

उजेड पुढे जाताना त्यातलं विद्युत क्षेत्र आडव्या अंगाने हलत असतं. काथ्याचा दोर झाडाला बांधून दुसऱ्या टोकाला वर-खाली हलवला की लाट जाते, दोर मात्र वर-खालीच हलतो. हे सरळ पोलरायझेशन. तोच दोर हातात धरून गोल फिरवला, पोरी दोरीउड्या खेळताना फिरवतात तसा, की वर्तुळाकार. सूर्याच्या उजेडात सगळ्या दिशांची सरमिसळ असते, पण पाण्यावरून परत फिरताना आडव्या दिशेचा उजेड जास्त परततो. पाण्यासाठी हा कोन लंबापासून साधारण ५३ अंश, तिथे परतलेला उजेड पूर्ण आडवा. गॉगलची काच फक्त उभं हलणारं आत सोडते, म्हणून चमक जाते. मोबाईलच्या स्क्रीनवर पण तशीच काच असते, ती गॉगलला काटकोनात आली की काळं.

रेणूसुद्धा छोटा गॉगलच आहे असं समज. दांडीसारख्या रेणूला दांडीच्या दिशेने हलणारं क्षेत्रच पोचतं. दांडी आणि क्षेत्र एका रेषेत असतील तर पूर्ण, काटकोनात असतील तर शून्य. खाडीकाठचा मूळ प्रश्न मोठा आहे, रात्री जेवून लिहितो, त्याला घाईत उत्तर देणं बरोबर नाही.

दर्याचा_पोर

गॉगल फुटलो तरी इतक्या वर्षात कधी ध्यानात इला नाय की काचेक उभो-आडवो असता. माकुल पण पोलरायझेशन बघता असा कोणीतरी म्हणालो होतो, खरा काय?

जांभ्याचा_चिरा

खरं. माकुलाच्या आणि कट्लफिशच्या डोळ्यातल्या पेशी एकमेकांना काटकोनात रचलेल्या असतात, त्यांना उभ्या-आडव्या उजेडातला फरक दिसतो. आणि मँटिस श्रिंपला तर वर्तुळाकार सुद्धा ओळखता येतं, डावं आणि उजवं वेगळं, हे २००८ साली दाखवलं गेलं.

नवखा_बारावी

सर मध्येच विचारतो. हिरवा लेझर पॉइंटर इन्फ्रारेडचे दोन फोटॉन जोडून हिरवा करतो असं वाचलं, मग तेच का हे? आणि घरी करता येईल का?

लेझरवाला

ते वेगळं. पॉइंटरमध्ये १०६४ नॅनोमीटरचा उजेड क्रिस्टलमध्ये ५३२ होतो, पण तिथे क्रिस्टल काहीच पोटात घेत नाही, दोन गेले आणि दुप्पट ऊर्जेचा एक बाहेर आला, हिशोब तिथल्या तिथे. दोन फोटॉनच्या शोषणात रेणू ऊर्जा खरोखर घेतो, वरच्या पातळीत थांबतो, नॅनोसेकंदभर राहतो आणि मग आपल्या रंगाचा उजेड सोडतो.

घरी नाही होणार. रोडामाइन बी नावाचा रंग आहे, दोन फोटॉन घेण्यात चांगला समजतात त्याला. त्याचा एक रेणू उन्हात ठेवला तर एक फोटॉन साधारण सेकंदाला एकदा घेईल, आणि दोन फोटॉन एकदम घ्यायला एक कोटी वर्षं लागतील. म्हणून फेमटोसेकंद लेझर लागतो. सेकंदाला आठ कोटी पल्स, प्रत्येक १०० फेमटोसेकंदाचा, म्हणजे लेझर खरा चालू असतो तो वेळेच्या सव्वा लाखाव्या हिश्श्यात, आणि सगळी पॉवर त्या क्षणात कोंबलेली.

आणि बाळा, स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा इन्फ्रारेड पण बाहेर येतो. डोळ्यात जाऊ देऊ नकोस, भिंतीवरच मार. हे मनापासून सांगतोय.

कोकमसरबत

लेझरवाले दादांनी जे लिहिलं ते लेझर यायच्या तीस वर्षं आधी एका बाईने कागदावर सिद्ध केलं होतं हे इथे यायलाच हवं. मारिया गोपर्ट-मायर. ग्योटिंगेनला १९३० च्या प्रबंधात, वय चोवीसच्या आतबाहेर, मॅक्स बॉर्न गाईड. १९३१ ला पेपर छापून आला. तेव्हा लेझर नव्हताच, १९६० ला आला, आणि १९६१ ला कायझर आणि गॅरेटनी रूबी लेझरचा लाल उजेड युरोपियम घातलेल्या क्रिस्टलवर टाकला तेव्हा निळा उजेड दिसला. पुढे अमेरिकेत गेल्यावर तिला कित्येक वर्षं पगाराची नोकरी मिळाली नाही, तरी काम सोडलं नाही, १९६३ ला नोबेल मिळालं ते अणुकेंद्राच्या वेगळ्याच कामासाठी. दोन फोटॉन शोषण मोजायचं एकक तिच्याच नावाने आहे, जीएम. मी चिपळूणला केमिस्ट्री शिकवते, दरवर्षी हे सांगते आणि दरवर्षी मागच्या बाकावरची एखादी मुलगी तास संपल्यावर येऊन विचारते की अजून सांगा.

खाडीकाठ

कोकमताई, माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिचंच नाव आहे. सरांच्या पोस्टची वाट बघतेय, उद्या सकाळी परत सड्यावर येते.

जांभ्याचा_चिरा

आता बसलो निवांत.

पोरी, तुझा चुलतभाऊ बरोबर विचारतोय, आणि एका फोटॉनसाठी तो म्हणतो ते शंभर टक्के खरं आहे. माडाच्या झावळाचे हीर काढून अंगणात भिरकावून दिले तर कसे पडतील, कुठलाही कुठेही. रेणू तसे पडलेत, फक्त जमिनीवर सपाट नाही तर हवेत सगळ्या दिशांना. त्यावर उभ्या दिशेचा उजेड टाकला. जे हीर उभे आहेत त्यांना भरपूर मिळालं, आडव्यांना काहीच नाही. सगळ्यांची सरासरी काढली तर १/३ येते. आता उजेड गोल फिरता केला. आता जास्त हिरांना थोडं थोडं मिळतं, कुणाला पूर्ण मिळत नाही, उजेडाच्या वाटेच्या रेषेत आहेत तेवढ्यांनाच काही नाही. सरासरी काढ, परत १/३. बेरीज तीच, फक्त वाटणी वेगळी. एका फोटॉनच्या शोषणात आपण बेरीजच मोजतो, म्हणून वाटणी कशी झाली ते कधी कळतच नाही.

दोन फोटॉनला काय होतं? एकाच रेणूने दोन्ही घ्यायचे आहेत. म्हणजे ज्याच्या वाट्याला जितकं आलं त्याचा वर्ग होतो. आणि वर्ग केला की वाटणी उघडी पडते.

एका घरात दोन भाऊ, दहा सुपाऱ्या, एकाला ९ दुसऱ्याला १. शेजारच्या घरात पण दोन भाऊ, दहा सुपाऱ्या, ५ आणि ५. बेरीज दोन्हीकडे १०. आता वर्ग करून बेरीज घे. पहिल्या घरात ८१ आणि १, एकूण ८२. दुसऱ्या घरात २५ आणि २५, एकूण ५०. सुपाऱ्या तेवढ्याच होत्या, फरक पडला तो वाटणीने. सरळ पोलरायझेशन म्हणजे ९-१ ची वाटणी, काहींना सगळं आणि काहींना उपास. वर्तुळाकार म्हणजे त्यातल्या त्यात समान वाटणी. म्हणून दांडीसारख्या रेणूला सरळ उजेडात दोन फोटॉनचं शोषण जास्त आणि वर्तुळाकारात कमी. नेमका हिशोब केला तर सरळसाठी वर्गांची सरासरी १/५ येते आणि वर्तुळाकारासाठी २/१५. भागाकार कर, २/३. तुझ्या पुस्तकातलं ०.६७ हेच.

म्हणजे द्रव कितीही ढवळलेला असो, दोन फोटॉन रेणूचा आकार सांगून जातात. एका फोटॉनला ते जमत नाही. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं, आणि वर्गात हे फळ्यावर आलं की दोन मिनिटं मी काही बोलायचो नाही.

दर्याचा_पोर

सर, सुपारीचो हिशोब कळलो. रापणीचो वाटो पण असोच, वाटणी कशी केली त्यावर सगळा.

खाडीकाठ

सर, भावाला आत्ताच वाचून दाखवलं. तो म्हणाला मग असं सरळ सांगायचं ना. मला खरंच आतून लख्ख झालं. मी इतकी वर्षं कोसाइनच्या चौथ्या घाताची सरासरी काढत होते, पण तो चौथा घात म्हणजे एका फोटॉनच्या वाट्याचा वर्ग, हे असं कधी वाचलंच नव्हतं.

एक विचारू? सगळ्या रेणूंना २/३ येत नाही, ३/२ पण येतं आणि शून्य पण. ते वाटणीवरून कसं सांगायचं?

जांभ्याचा_चिरा

हिराला एकच दिशा असते, म्हणून दोन्ही फोटॉन एकाच दिशेचे लागतात. पण काही रेणूंना वर जायला एक फोटॉन लांबीच्या दिशेचा आणि दुसरा रुंदीच्या दिशेचा असा लागतो. तिथे गोल फिरणारा उजेड फायद्याचा, कारण त्याच्याकडे दोन्ही दिशा एकदम हजर असतात. गुणोत्तर उलटतं, ३/२ पर्यंत जातं. त्याच्या वर जाऊच शकत नाही, वरचा कठडा तोच.

शून्याची गोष्ट अगदी गोल गोष्टींची. सोडियमचा अणू ३एस वरून ५एस वर न्यायचाय, दोन्ही पातळ्या चेंडूसारख्या गोल. वर्तुळाकार उजेडाचा प्रत्येक फोटॉन बरोबर एक एकक फिरकी घेऊन येतो. एकाच हाताच्या दोघांनी मिळून दोन एकक दिली. गोल अणू ती फिरकी ठेवणार कुठे? नाहीच घेत. सरळ उजेडात मात्र तेच शोषण छान होतं. रेणूत सुद्धा पूर्ण सममित पातळी असली की गुणोत्तर बरंच खाली येतं, आणि म्हणूनच हे माप केमिस्ट्रीवाल्यांना प्रिय आहे. १९७० साली मॉन्सन आणि मॅक्क्लेन यांनी द्रवात गडबडा लोळणाऱ्या रेणूंसाठी हा सगळा हिशोब मांडला, बेंझिन आणि क्लोरोनॅप्थलीनवर लावून दाखवला.

आपल्याला जवळचं उदाहरण द्यायचं तर रामन. २८ फेब्रुवारी आपण विज्ञान दिन करतो तो १९२८ च्या त्यांच्या शोधासाठी. रामन प्रकीर्णनात पण एक उजेड आत आणि एक बाहेर, म्हणजे दोन फोटॉनच, आणि तिथे सुद्धा द्रवातल्या रेणूंचं डिपोलरायझेशन (बाहेर येताना उजेडाची दिशा किती बिघडली ते) मोजून कंपन सममित आहे का नाही ते ठरवतात. सममित नसेल तर ते गुणोत्तर बरोबर ३/४ येतं. सरासरीचं गणित एकाच घराण्यातलं. आणि गोपर्ट-मायरचा प्रबंध त्याच १९३० चा, ज्या वर्षी रामनना नोबेल मिळालं.

तुझं ०.८१ का येतंय ते मात्र मला सांगता येणार नाही, ते लेझरवर हात चालवणाऱ्याने सांगावं.

लेझरवाला

मी गुहागरचा, पंधरा वर्षं फेमटोसेकंद लेझरवर काम करतोय. ताई दोन गोष्टी सांग. क्वार्टर वेव्ह प्लेट कुठे ठेवलीये, आणि तिच्यानंतर सँपलपर्यंत किती आरसे आहेत? आणि उजेड गोळा करताना डिटेक्टरसमोर पोलरायझर आहे का, कारण दोन फोटॉनने उठवलेल्या रेणूंचा उजेड स्वतःच बराच पोलराइज्ड असतो, एका फोटॉनला अॅनिसोट्रॉपी (तो उजेड किती पोलराइज्ड आहे त्याचं माप) जास्तीत जास्त ०.४ येते, दोनाला ४/७ म्हणजे ०.५७ पर्यंत.

खाडीकाठ

द्रावक पातळ आहे दादा, रेणू उजेड सोडायच्या आधीच गरागरा फिरून दिशा विसरतो, अॅनिसोट्रॉपी मोजलीये, नगण्य आहे.

प्लेट लेझरच्या जवळ आहे. तिच्यानंतर दोन आरसे आणि एक डायक्रोइक (काही रंग परतवणारा, काही आरपार सोडणारा आरसा), मग लेन्स, मग क्युव्हेट. गाईड म्हणाले की तुझा रेणू पुरेसा दांडीसारखा नसेल म्हणून ०.८१ येत असेल, आणि मी ते मान्य करायच्या बेतात होते.

लेझरवाला

मान्य करू नकोस अजून. मला वाटतं रेणू निर्दोष आहे, आरसे दोषी आहेत.

आरशावर तिरका उजेड पडला की उभ्या आणि आडव्या घटकांना परत फिरताना वेगवेगळा उशीर होतो. डायक्रोइकला तर फारच. तू प्लेटमधून सुंदर गोल उजेड बाहेर काढलास, पण तीन ठिकाणी आपटून क्युव्हेटपर्यंत पोचेपर्यंत तो चपटा झाला, लंबवर्तुळ. म्हणजे सरांच्या भाषेत वाटणी परत विषम व्हायला लागली, म्हणून आकडा ०.६७ वरून १ कडे सरकला.

आता तुझ्या तिन्ही तपासण्यांमध्ये हे का सापडलं नाही ते बघ. सरळ पोलरायझेशन तू उभं घेतलंस, ते आरशाच्या अक्षात असतं, त्याला काही होत नाही. एका फोटॉनची तपासणी हे पकडूच शकत नाही, कारण त्याला द्रवात पोलरायझेशन दिसतच नाही. आणि डावं-उजवं सारखं आलं म्हणून तुला धीर आला, पण उशीर दोघांनाही तेवढाच होतो, दोन्ही सारखेच चपटे होतात. म्हणजे तिन्ही तपासण्या प्रामाणिक होत्या, फक्त त्या या चुकीकडे बघतच नव्हत्या.

परत गेल्यावर एकच कर. क्युव्हेटच्या जागी पोलरायझर लाव, मागे पॉवर मीटर, आणि पोलरायझर पूर्ण फिरव. उजेड खरा गोल असेल तर काटा हलणार नाही. हलला तर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी रीडिंग लिहून घे. दोघांची वजाबाकी भागिले दोघांची बेरीज, त्याला क म्हण. दांडीसारख्या रेणूला गुणोत्तर येणार (२ + क चा वर्ग) भागिले ३. क शून्य असेल तर २/३, क एक असेल तर १. तुझ्या ०.८१ वरून उलट काढलं तर तुला जास्त-कमी साधारण पाचास एक मिळायला हवं. मिळालं तर आरसेच.

आणि प्लेट शेवटच्या आरशानंतर आण, लेन्सच्या अगदी आधी. सरळ मोजतानाही प्लेट काढू नकोस, नुसती शून्य अंशावर फिरव, म्हणजे काच दोन्ही वेळेला तेवढीच राहील. प्लेट झिरो ऑर्डरची आहे ना बघ, १०० फेमटोसेकंदाच्या पल्सला नऊ-दहा नॅनोमीटरची रुंदी असते, मल्टि ऑर्डर असेल तर सगळ्या रुंदीला ती सारखी वागणार नाही.

खाडीकाठ

दादा, मी सड्यावर बसून हे तीनदा वाचलं. पाचास एक! गौरी-विसर्जन झालं की निघते. रेणूचीच चूक म्हणून थिसिसमध्ये एक परिच्छेद लिहून ठेवला होता, तो आत्ता मोबाईलवरूनच डिलीट केला.

नवखा_बारावी

मला पण सगळं समजलं असं नाही पण ९-१ आणि ५-५ मी वहीत करून बघितलं, १०-० केलं तर १०० येतं. सर, याचा उपयोग कुठे होतो?

कोकमसरबत

सूक्ष्मदर्शकात बेटा. १९९० साली डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी कॉर्नेलला दोन फोटॉनचा मायक्रोस्कोप केला. वर्गाचा नियम असल्यामुळे जिथे लेझर एकवटतो त्या बिंदूतच रंग पेटतो, वर-खाली अंधार, म्हणून जिवंत मेंदूच्या आत खोलवर बघता येतं. आणि पोलरायझेशन धरलं तर त्याहून पुढे. पेशीच्या आवरणात काही रंगाचे रेणू कवायतीतल्यासारखे एका दिशेने उभे राहतात. गोल पेशीवर सरळ पोलरायझेशन टाकलं की कडेचा सगळा गोल पेटत नाही, समोरासमोरचे दोन तुकडेच उजळतात. पोलरायझेशन फिरवलं की ते तुकडे पण फिरतात. एका फोटॉनने हे पुसट दिसतं, दोन फोटॉनने ठसठशीत, कारण तिथे पण वर्गच.

खाडीकाठ

मंडळी, परत आलेय, लॅबमधून लिहितेय. आधी आकडे.

काहीही न हलवता क्युव्हेटच्या जागी पोलरायझर लावून फिरवला. जास्तीत जास्त ४९, कमीत कमी १० मिलिवॉट. लेझरवाले दादा, पाचास एकच. माझे हात थरथरत होते, लॅबमधल्या ज्युनिअर मुलीला बोलावून तिला पण काटा दाखवला, तिने स्वतः फिरवून बघितला.

मग प्लेट डायक्रोइकच्या पुढे आणली. फिरवून फिरवून बसवायला अख्खी दुपार गेली, आता पोलरायझर फिरवल्यावर काटा २६ ते ३१ मध्ये राहतो. परत मोजलं. ०.६८. तीन दिवस, तीन वेगळी द्रावणं, ०.६७ ते ०.६९. गाईडना दाखवलं, ते बराच वेळ आलेख बघत राहिले आणि म्हणाले की आधीची सगळी मापं परत घ्यायची, मी पण तुझ्याबरोबर बसतो.

आणि आता दुसरी गोष्ट, जी सांगायला खरं म्हणजे मी आलेय. आमच्याकडे अजून एक रेणू आहे, तीन हातांचा, सीलिंग फॅनच्या पात्यांसारखे १२० अंशांवर तीन सारखे हात. आरशांच्या गोंधळात त्याचं गुणोत्तर १.२ च्या आसपास यायचं आणि मी तो आकडा वहीत कोपऱ्यात टाकून दिला होता. काल नवीन मांडणीत मोजलं. १.४३.

जांभ्याचा_चिरा

वा पोरी! तीन पात्यांच्या रेणूत जी पातळी उठते तिच्यात एका दिशेचं अधिक आणि काटकोनातल्या दिशेचं उणे असं असतं, तिन्ही हातांची बेरीज घेतली तर शून्य. बेरीज शून्य झाली की गुणोत्तर ३/२ च्या कठड्याला जाऊन टेकतं. तू कठड्याच्या अगदी जवळ आहेस. तरंगलांबी बदलून बघितलीस का?

खाडीकाठ

७६० ते ८४० पर्यंत दर दहा नॅनोमीटरला घ्यायचंय सर. प्रत्येक वेळी पोलरायझर लावून प्लेट परत बसवावी लागते म्हणून एका दिवसात दोनच बिंदू होतात. आज ७६० आणि ७७० झाले, दोन्ही १.४ च्या वर. बाकीचे झाले की इथेच टाकते.

दर्याचा_पोर

ताई, टाक नक्की. आमी बघताव.